चिनी लोक देव मानतात काय?

(सत्यशोधक मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



चीन देशाविषयीं आपल्याकडे दोन तऱ्हेचें बोलणें कानांवर येतें. एक म्हणतो, "तिकडे देव नाहीं, देऊळ नाहीं, भट नाहीं, म्हणून तर तो देश पुढें गेला." दुसरा म्हणतो, "तिकडचे लोक नास्तिक. त्यांना ना आई ना बाप, ना पाप ना पुण्य." दोघेही बोलतात मोठ्या ठसक्यानें, आणि चिनी माणसाच्या घरांत दोघांनींही डोकावून पाहिलेलें नसतें. त्या लोकांविषयीं जें छापून आलें आहे तें आम्ही पुष्कळ दिवस वाचीत आलों आहों, आणि आमचें मत असें झालें आहे कीं हे दोघेही चुकले. कसे चुकले तें आज सांगावयाचें आहे.

आधीं आंकडे घेऊं. २०१८ सालीं चीनमध्यें ज्या मोठ्या पाहण्या झाल्या, त्यांत प्रौढ माणसांना विचारलें कीं तुमचा धर्म कोणता. शेंकडा सुमारे १० लोकांनींच एकाद्या धर्माचें नांव सांगितलें. बाकीच्यांचें म्हणणें, आमचा कांहीं धर्म नाहीं. एवढ्यावर आपला पहिला गृहस्थ टाळ्या पिटील. पण त्याच सालच्या पाहण्यांत दुसरेही प्रश्न होते. घरच्या मृतांच्या थडग्यावर वर्षांतून एकदां तरी जातां काय? शेंकडा ७५ जण म्हणाले, जातों. घराच्या व थडग्याच्या जागेचें शुभाशुभ, ज्याला तिकडे फेंगशुई म्हणतात, तें मानतां काय? शेंकडा ४७ जण म्हणाले, मानतों. बुद्धावर किंवा बोधिसत्त्वावर श्रद्धा आहे काय? शेंकडा ३३ जण म्हणाले, आहे. आतां शंभरांतले नव्वद धर्म नाहीं म्हणतात आणि शंभरांतले पंचाहत्तर पितरांच्या थडग्यावर जातात, हा हिशेब जुळावा कसा? ते खोटें बोलतात असें नव्हे. त्यांना विचारलेला शब्दच मुळीं त्यांच्या घरचा नव्हे.

धर्म या अर्थीं आज चिनी भाषेंत 'झोंगज्याओ' हा शब्द चालतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानांतून आला. युरोपी लोकांच्या 'रिलिजन' या शब्दाला जपानी विद्वानांनीं तो प्रतिशब्द म्हणून बसविला होता. त्याच्या जोडीनें अंधश्रद्धा या अर्थाचा 'मीशिन' हा शब्दही रूढ झाला. झोंगज्याओ म्हटलें कीं मठ, दीक्षा, पोथी, वहींतली नोंद असें कांहीं तरी डोळ्यांपुढें येतें. चुलीवरची तसबीर आणि आजोबांच्या नांवाची पाटी त्यांत बसत नाहीं. तो घरचा शिरस्ता. आपल्याकडील म्हातारीला तुझा धर्म कोणता असें कोणी विचारलें तर ती गोंधळेल; पण उंबऱ्यावर पाणी कां घालतेस असें विचारलें तर लगेच उत्तर देईल. त्यांतलाच हा प्रकार.

ती चुलीवरची तसबीर आपण जरा नीट पाहूं, कारण चिनी शेतकऱ्याचें देवाशीं नातें काय आहे तें तिथें जसें दिसतें तसें मोठमोठ्या देवळांत दिसत नाहीं. चुलीच्या वर भिंतीला एक स्वस्तांतली रंगीत कागदी तसबीर चिकटविलेली असते. हा चुलीचा देव. वर्षभर तो घरांत बसून पाहतो : कोण भांडलें, कोणीं अन्न टाकलें, सुनेला कोण काय बोललें. वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या २३ व्या किंवा २४ व्या दिवशीं तो वर स्वर्गांत जाऊन घरचा सगळा जबाब देतो. म्हणून त्या दिवशीं त्याच्या तोंडाला चिकट साखरेची मिठाई लावावयाची. कोणी म्हणतात, तोंड गोड झालें म्हणजे गोड बोलेल; कोणी म्हणतात, जबडाच चिकटला म्हणजे बोलणार काय! मग तसबीर काढून जाळावयाची. धुरावाटे देव वर जातो. त्याच्या घोड्याला वैरणही ठेवतात. नव्या वर्षाला नवी तसबीर. यांत भीति आहे, भक्ति आहे, आणि थोडी थट्टाही आहे. सरकारी तपासनीस यावयाचा असला म्हणजे गांव जसें वागतें, तसें हें वागणें.

तपासनीस हा शब्द आम्ही उगीच वापरला नाहीं. चिनी लोकांची देवांची उतरंड हुबेहूब त्यांच्या राज्यकारभारासारखी होती. घरापुरता चुलीचा देव. गांवाला भूमीचा देव 'तूदी', आपल्या पाटलासारखा. तालुक्याच्या शहराला 'छंगह्वांग', तो मामलेदारासारखा. मेलेल्यांची पहिली चौकशी त्याच्या कचेरींत. आणि सर्वांच्या वर बादशहासारखा जेड सम्राट. शेतकऱ्यानें जन्मभर जें सरकार पाहिलें, तेंच त्यानें आभाळांत नेऊन बसविलें. आणि अंमलदार कामचुकार निघाला तर लोक काय करतात? पाऊस लांबला कीं पावसाच्या देवाची, म्हणजे नागराजाची, मूर्ति देवळांतून उचलून भर उन्हांत आणून ठेवीत. पीक करपतें तें कसें हें तुलाही कळूं दे! अशा हकीकती तिकडील पुष्कळ प्रांतांतल्या आहेत. जो देवाला उन्हांत बसवितो त्याला आस्तिक म्हणावयाचें कीं नास्तिक, हें पंडितांनीं ठरवावें.

आतां पितर. चिनी घरांत लांकडाची एक उभी पाटी असते, तिच्यावर मृताचें नांव. सणाच्या दिवशीं घरचा कर्ता पुरुष तिच्यापुढें उदबत्ती लावतो, भात, फळें, मद्य ठेवतो, आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो. ठेवलेलें अन्न नंतर घरचींच माणसें खातात. एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेच्या सुमारास छिंगमिंगचा सण येतो. त्या दिवशीं सर्व घर थडग्यावर जातें, गवत उपटतें, झाडतें, नवी माती लोटतें, कागदी नोटा जाळतें. २००८ सालापासून या दिवशीं सरकारी सुटी आहे. ह्या सगळ्यांत आम्हांला मोठी गोष्ट वाटते ती ही कीं, येथें मधला माणूस लागत नाहीं. मुलगा आणि मेलेला बाप यांच्यामध्यें तिसरा कोणी उभा राहून दक्षिणा मागत नाहीं. नैवेद्य दाखविण्याचा अधिकार अमक्या जातीला आणि तमक्या जातीनें लांब उभें राहावें, असा प्रकार नाहीं. खुद्द स्वर्गाची मोठी पूजा पेकिंगमध्यें होई ती बादशहा स्वतः करी. पुरोहित त्याच्या जागीं बसत नसे. १८७३ सालीं जोतीरावांनीं आपल्या लोकांना जें सांगितलें कीं तुमचीं कार्यें तुम्हीच करा, तें चिनी शेतकऱ्याला कोणीं सांगावें लागलें नव्हतें.

पण थांबा. एवढ्यावर चीनची आरती ओंवाळावयास आम्ही तयार नाहीं.

पहिली गोष्ट बायकांची. पाटी पुढें चालते ती बापाकडून मुलाकडे. मुलगी दुसऱ्याच्या घरची. तिनें माहेरच्या पितरांचें कांहीं करावयाचें नाहीं. ज्याला मुलगा नाहीं त्याचे पितर उपाशी, म्हणून मुलगा होईपर्यंत बाईचा जीव टांगणीला. चुलीपुढें जन्म जाळते बाई. पण चुलीच्या देवाची पूजा पुष्कळ ठिकाणीं पुरुषानेंच करावी असा दंडक. भट नव्हता तरी अन्याय होताच, आणि तो घरच्या कर्त्याच्याच हातून होत होता.

दुसरी गोष्ट : जातीचा भट नसला म्हणून दलाल नसतो असें नाहीं. घरांत मृत्यु झाला कीं बुद्धाचे भिक्षू बोलवावेत, त्यांनीं सूत्रें म्हणावींत. ताओ मताचे गुरव बोलवावेत, त्यांनीं नरकाचे दरवाजे उघडावेत. भिक्षूला बायकापोरें नसतात, पण ताओ मताचे गुरव लग्न करतात आणि धंदा बापाकडून मुलाकडे जातो. लोंगहू डोंगरावरच्या चांग घराण्यानें तर आपली गादी पिढ्यान्‌पिढ्या चालविली. ह्या सर्वांवर कडी करणारा म्हणजे जागा पाहणारा जोशी. होकायंत्र हातांत घेऊन तो डोंगर, पाणी, वारा पाहतो आणि सांगतो कीं बापाला येथें पुरा, म्हणजे मुलगा मोठा अंमलदार होईल. चार हात इकडे पुरलें तर घर बुडेल. योग्य जागा आणि योग्य दिवस मिळेपर्यंत प्रेताची पेटी महिनेच्या महिने, कधीं वर्षेंही, पुरल्यावांचून ठेवीत. भाऊ भाऊ भांडत, कारण ही जागा थोरल्याला लाभते आणि धाकट्याला बाधते. कर्ज तर ठरलेलेंच.

यावर एक जुनी गोष्ट आहे ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सिमा ग्वांग हा अकराव्या शतकांतला मोठा मुत्सद्दी आणि इतिहासकार. त्याच्या घरीं वडील मंडळींचा दफनविधि करावयाचा होता. भाऊबंद म्हणाले, जोश्याला विचारल्याशिवाय हें कसें होईल? थोरल्या भावानें चांग आडनांवाचा एक जोशी गांठला आणि त्याला एकीकडे घेऊन सांगितलें कीं, आम्ही सांगूं तें सांगशील तर तुला वीस हजार नाणीं देऊं, नाहीं तर दुसरा पाहूं. वीस हजार नाणीं म्हणजे त्या माणसाला कधीं न मिळालेली रक्कम! मग वर्ष, महिना, दिवस, घटका, खड्डा किती खोल, किती रुंद, प्रेत कोणत्या वाटेनें न्यावयाचें, हें सगळें भावानें आपल्या सोयीनें ठरविलें, आणि जोश्यानें पोथी उघडून "फार उत्तम योग" असा निकाल दिला. भाऊबंद खूष. १०८४ सालीं ही हकीकत लिहितांना सिमा ग्वांग म्हणतो कीं, माझा भाऊ आतां एकूणऐंशी वर्षांचा आहे, मी सहासष्ट वर्षांचा आहें, दोघेही मोठ्या हुद्द्यावर चढलों, आणि आमच्या घराण्याचें कांहीं वाईट झालें नाहीं. असा पुरावा न्यायालयांतही पुरे पडावा.

म्हणजे ज्या देशांत दलाल होते, त्याच देशांत त्यांना ओळखणारेही होते. आणि ते परदेशांतून शिकून आलेले नव्हते, हें आपल्या पहिल्या गृहस्थानें ध्यानांत ठेवावें. ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकांत शुनझी नांवाचा गुरु होता. पावसासाठीं प्रार्थना केली आणि पाऊस आला, तर प्रार्थना न करतां आलेल्या पावसांत आणि त्यांत फरक काय, असा त्याचा सवाल. लोकांना थंडी आवडत नाहीं म्हणून आभाळ हिवाळा बंद करीत नाहीं, हें त्याचें सांगणें शेतकऱ्याला निराळें समजावून देण्याची गरज नाहीं.

त्याच्यामागून आलेल्या वांग चोंगची गोष्ट तर आमच्या शाळेंतल्या मुलांना आम्ही दर वर्षीं सांगतों. हा इ. स. २७ मध्यें जन्मला. घरची गरिबी, बाप लहानपणीं गेलेला. राजधानींत शिकावयास गेला, पण पुस्तकें घेण्यास पैसा नाहीं. तेव्हां बाजारांतल्या पुस्तकांच्या दुकानापुढें उभा राहून वाची आणि वाचलेलें पाठ करून घरीं येई. पुढें किरकोळ नोकऱ्या केल्या, मुलें शिकविलीं आणि एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भुतांविषयीं त्याचा हिशेब असा : जगाच्या आरंभापासून मेलेलीं माणसें आज जिवंत असलेल्यांच्या कितीतरी पट आहेत. मेलेला प्रत्येक माणूस भूत होत असेल तर रस्त्यांत पाऊल ठेवावयास जागा उरणार नाहीं. मग भूत दिसतें तें एखादेंच कसें? बरें, माणसाला आत्मा असतो म्हणून त्याचें भूत होतें म्हणा. पण भूत दिसतें तें अंगरखा घातलेलें. अंगरख्यालाही आत्मा असतो काय? वीज पडून माणूस मेला कीं लोक म्हणत, पापी होता, आभाळ कोपलें. वांग चोंग म्हणे, वीज म्हणजे विस्तव. मेलेल्याच्या अंगावरचे भाजल्याचे डाग पाहा. हें लिहून झाल्यास आज १,९०० वर्षांहून अधिक काळ लोटला. अमावास्येच्या रात्रीं वाट चुकवून जाणारीं माणसें आपल्याकडे अजून आहेत, तिकडेही आहेत.

बुद्धाची शिकवण आपल्या देशांतून तिकडे गेली हें आपणांस ठाऊक आहेच. तिच्या मूळ पोथ्या आणण्यासाठीं ह्युएनत्संग इकडे आला. सातव्या शतकांत पुलकेशीच्या वेळीं महाराष्ट्रांतही हिंडून गेला आणि येथील लोकांचें मोकळें वर्णन त्यानें लिहून ठेवलें. पण बुद्धाच्या शिकवणीबरोबर पूर्वजन्मीच्या कर्माचें फळ ही कल्पनाही गेली. आणि ती राजाला व श्रीमंताला फार सोयीची पडली, हें सांगावयास नको. तिथें फान चेन नांवाचा एक गरीब घरचा विद्वान उभा राहिला. पांचव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. राजपुत्रानें त्याला भर सभेंत विचारलें कीं, कर्मफळ नाहीं म्हणतोस तर कोणी श्रीमंत आणि कोणी गरीब कां जन्मतो? फान चेननें उत्तर दिलें तें असें. एका झाडाचीं फुलें वाऱ्यानें उडतात. कांहीं पडद्यावरून घरंगळत गालिच्यावर पडतात, कांहीं कुंपणावरून उडून शेतखान्यांत पडतात. गालिच्यावर पडलें तें फूल म्हणजे आपण, महाराज. शेतखान्यांत पडलें तें मी. यांत पूर्वजन्मीचें कर्म आलें कोठें? राजपुत्राला उत्तर सुचलें नाहीं. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांना याहून चोख जबाब आम्हीं तरी कोठें वाचलेला नाहीं.

शरीर आणि आत्मा यांच्याविषयीं फान चेन सुरीचा दाखला देई. आत्मा म्हणजे सुरीची धार. सुरीच नाहींशी झाल्यावर धार वेगळी कोठें राहणार? त्याच्याकडे एक गृहस्थ निरोप घेऊन आला कीं, हें खूळ सोडशील तर मोठी जागा मिळेल. तो हंसून म्हणाला कीं, मत विकूनच जागा मिळवावयाची असती तर याहून वरची केव्हांच मिळाली असती. पुढें ५०७ च्या सुमारास खुद्द बादशहानें दरबाऱ्यांना त्याच्या खंडनास बसविलें. साठांहून अधिक जणांनीं उत्तरें लिहून दिलीं. फान चेन कांहीं बदलला नाहीं.

ह्यावरून चिनी राज्यकर्ते नेहमीं बुद्धाच्याच बाजूचे असत असें समजूं नये. मठांच्या जमिनीवर कर नसे आणि मूर्तींत तांबें अडकून पडे, तेव्हां ८४५ सालीं दुसऱ्या एका बादशहानें ४,६०० मठ मोडले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारांत परत धाडलें. मूर्ति व घंटा वितळवून नाणीं पाडलीं. ह्यांत विचार नव्हता, तिजोरी होती.

पितरपूजा हा धर्म कीं रीत, या प्रश्नानें एकदां परदेशी पाद्रीही पेंचांत पडले. मात्तेओ रिच्ची नांवाचा इटालियन पाद्री १५७८ सालीं आपल्या गोव्यास येऊन राहिला आणि तेथून पुढें चीनला गेला. त्याचें मत पडलें कीं पितरांच्या पाटीपुढें वांकणें हा आईबापांचा मान आहे, मूर्तिपूजा नव्हे. दुसऱ्या पंथाच्या पाद्र्यांना तें पाखंड वाटलें. शंभर वर्षें भांडण चाललें. १७१५ सालीं पोपनें ही रीत ख्रिस्ती चिन्यांना बंद केली, त्यावर चिडून चिनी बादशहानें पाद्र्यांचा प्रचारच बंद केला, आणि १९३९ सालीं दुसऱ्या पोपनें पुन्हां मोकळीक दिली. दोन शतकांहून अधिक काळ गरीब चिनी ख्रिस्ती माणूस बापाला नमस्कार करूं कीं नको या विवंचनेंत राहिला, आणि निवाडा करणारे बसले होते रोमला.

आमच्या पेशाला जवळची एक हकीकत आतां सांगतों. १८९८ सालीं चांग चिदोंग नांवाच्या बड्या सुभेदारानें सुचविलें कीं प्रत्येक तालुक्यांतल्या दहा देवळांपैकीं सात घ्यावीं आणि त्यांच्या शाळा कराव्या. त्यांच्या जमिनींचें उत्पन्नही त्याच मानानें शाळांना द्यावें. पुढच्या वर्षांत असें पुष्कळ ठिकाणीं झालें. देवळाच्या ओसरीवर फळा लागला हें ऐकून आम्हांला किती आनंद व्हावा! पण पुढें काय झालें तेंही ऐका. नव्या शाळांसाठीं नवे कर बसले. गांवचें देऊळ म्हणजे नुसती मूर्ति नव्हती. गांवची बैठक तेथें, नाटक तेथें. तें हातचें गेलें, आणि शाळेंत मुलें गेलीं तीं बहुधा ऐपतदारांचीं. तेव्हां ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं त्या शाळा मोडल्या, जाळल्या. शहरी सुधारक म्हणाले, हे अडाणी लोक विद्येचे वैरी आहेत. आम्ही म्हणतों, शेतकऱ्याच्या खिशांतून कर घेऊन त्याच्या पोराला बाहेर ठेवणारी शाळा त्याची कशी होईल?

अशा नव्या शाळांत शिकलेल्या पिढींतला हू शी (१८९१–१९६२) हा नामांकित लेखक. त्याचा बाप कन्फ्यूशियसच्या मताचा कडवा अनुयायी. घराच्या दारावर, भिक्षू आणि ताओ गुरव यांनीं येथें मागावयास येऊं नये, अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली असे. मुलगा चार वर्षांचा होण्याआधींच बाप वारला. चिठ्ठीचा रंग उडाला, आणि घरांतल्या बायका नवससायासाला लागल्या. आई विधवा, तरुण, मुलगा अशक्त, तिनें क्वानइन देवीची भक्ति धरली. हू शीला लहानपणीं नरकाच्या चित्रांची फार भीति वाटे. मग अकरा वर्षांच्या सुमारास त्यानें एका पुस्तकांत सिमा ग्वांगचें म्हणणें वाचलें कीं शरीर कुजल्यावर नरकांत कापावयाला आणि जाळावयाला उरतें काय. पुढें त्याच सिमा ग्वांगच्या इतिहासांत त्याला फान चेनची ती सुरी आणि धार सांपडली. मोजक्या ओळी. तेवढ्यानें भीति गेली ती गेली, असें त्यानें स्वतः लिहिलें आहे. चौदाशें वर्षांमागें एका माणसानें जागा नाकारून जपलेलें वाक्य खेड्यांतल्या पोराला असें उपयोगीं पडलें.

पण खरी कसोटी पुढें आली. १९१८ च्या नोव्हेंबरांत त्याची आई वारली. तो पेकिंगांत प्राध्यापक होता, गांवीं आला. जिनें देवाला नवस करकरून वाढविलें तिचेंच उत्तरकार्य! सगळें गांव पाहत होतें. त्यानें नातलगांना आधींच कळविलें कीं कागदी वस्तु व जाळावयाचें सामान कोणीं पाठवूं नये. भिक्षू बोलावले नाहींत, गुरव बोलावले नाहींत. मृत्युपत्रिकेंत मुलानें, माझ्याच पापानें आई गेली, मी रक्ताचीं आसवें गाळतों, असा ठराविक मजकूर घालावयाची रीत होती. तो त्यानें गाळला. जें खरें नाहीं तें आईच्या नांवानें कां लिहूं, असा त्याचा विचार. सुतकाचे कपडे त्यानें घातले, पण पूर्ण मुदतीपर्यंत नव्हेत. पुढच्या वर्षीं त्यानें हें सर्व छापून लोकांपुढें मांडलें. आणि आईचा विचार करतां करतां त्याला वाटलें कीं, ती कोठें स्वर्गांत नाहीं. तिनें ज्यांना ज्यांना वळण लावलें त्यांच्यांत ती आहे. एकटा माणूस मरतो, समाज मरत नाहीं, आणि समाजांत आपलें बरेंवाईट सगळें उरतें, असा लेख त्यानें लिहिला. देव न मानणाऱ्याला आईबाप नसतात म्हणणाऱ्या आपल्या दुसऱ्या गृहस्थानें हें घरीं जाऊन मनांत घोळवावें.

आतां सरकारी नास्तिकपणाकडे वळूं. माओनें १९२७ सालीं हुनान प्रांतांतल्या शेतकऱ्यांच्या चळवळीचा अहवाल लिहिला. त्यांत त्याचें म्हणणें होतें कीं मूर्ति शेतकऱ्यांनींच उभ्या केल्या, वेळ येईल तेव्हां तेच त्या आपल्या हातानें टाकतील. दुसऱ्यानें त्यांच्यासाठीं घाई करूं नये. शहाणपणाचें बोलणें. पण १९६६ सालीं त्याच माओच्या नांवानें शाळा-कॉलेजांतलीं पोरें रस्त्यावर उतरलीं. 'चार जुन्या गोष्टी', म्हणजे जुने विचार, जुनी संस्कृति, जुने आचार, जुन्या संवयी, मोडावयाच्या. त्या नोव्हेंबरांत पेकिंगचे विद्यार्थी छुफू गांवीं गेले, कन्फ्यूशियसच्या देवळांत मोडतोड केली आणि त्याच्या वंशजांचीं थडगीं उकरलीं. घरोघरच्या पितरांच्या पाट्या जाळल्या गेल्या. आणि भिंतीवरच्या रिकाम्या जागेंत काय आलें? माओची तसबीर. सकाळीं तिच्यापुढें उभें राहून आज्ञा मागावयाची, संध्याकाळीं दिवसाच्या वागणुकीचा जबाब द्यावयाचा. चुलीच्या देवाला वर्षांतून एकदां तरी मिठाईनें गप्प बसवितां येत असे. ह्या देवाला तेंही चालत नव्हतें.

दहा वर्षांनीं तें वारें सरलें. १९८२ च्या राज्यघटनेनें धर्मस्वातंत्र्य लिहून दिलें. सरकार बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथॉलिक व प्रोटेस्टंट एवढे पांच धर्म मानतें. चुलीचा देव आणि पितर त्यांतल्या कोणत्याच रकान्यांत नाहींत. सत्ताधारी पक्षाच्या सुमारे १० कोटी सभासदांनीं कोणताच धर्म मानूं नये असा नियम आहे. स्वातंत्र्य लिहिलें तेवढें मिळालें असें मात्र नाहीं. शिंज्यांग प्रांतांतल्या उइगुर मुसलमानांना २०१७ पासून मोठ्या संख्येनें छावण्यांत कोंडलें, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीनें २०२२ सालीं त्यावर कडक अहवाल दिला. दाढी, रोजा, पोथी हे तिथें गुन्ह्याचे पुरावे ठरले. देव न मानण्याच्या नांवाखालीं माणसालाच न मानणें, याला सत्यशोधन म्हणतां येत नाहीं.

शेवटची हकीकत शेतकऱ्यांची. हेनान प्रांतांत झोउकोउ नांवाचा जिल्हा आहे. सपाट, पिकाऊ, माणसांनीं गजबजलेला. तिकडे थडगीं शेतांतच असतात, मातीच्या ढिगासारखीं. २०१२ सालीं अधिकाऱ्यांनीं ठरविलें कीं हे ढीग काढून जमीन नांगराखालीं आणावी. कांहीं महिन्यांत वीस लाखांहून अधिक थडगीं सपाट झालीं. पक्षाचे सभासद, शिक्षक, सरकारी नोकर यांनीं आधीं आपल्या घरचीं मोडावीं असा दाब आला. शिक्षकांवर तो दाब कसा येतो हें निराळें सांगावयास नको. जमिनीची ओढ आम्हांला कळते. चार वाफे वाढले तर कोणाला नकोत? पण सर्व देशांतून ओरड झाली. त्याच नोव्हेंबरांत वरिष्ठ सरकारनें दफनाच्या नियमांतून थडगें बळजबरीनें हलविण्याचें कलमच काढून टाकलें. पुढें २०१३ च्या फेब्रुवारींत चिनी नवें वर्ष आलें, परगांवीं कामाला गेलेलीं मुलें घरीं परतलीं, आणि फावडीं घेऊन त्यांनीं पुष्कळ थडगीं पुन्हां होतीं तशीं रचलीं. त्यांना कोणीं विचारलें असतें कीं तुमचा धर्म कोणता, तर बहुतेकांनीं कांहीं नाहीं असेंच सांगितलें असतें.

आतां कोणास कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं विचारावें. बायकांकडून प्रश्न आले तर अधिक बरें.